पंखांवर दोन दगड

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो. ड्रोन म्हटलं की तुम्हाला लग्नात पाहुण्यांच्या डोक्यावर भुणभुणणारं ते चार पंख्यांचं खेळणं आठवेल. मी तसला नाही. माझी ठेवण विमानाची आहे. दोन लांब पंख, एक शेपटी, पाठीमागे एक पंखा आणि पोटात कॅमेरा. एका जागी लटकून राहणं मला उडताना कधी जमलं नाही, आणि आता बघा, लटकूनच आहे. क्रोएशियातल्या एका लहानशा बेटावर, स्मोक्विना गावात, येर्कोच्या तळघरात मी तुळईला टांगलेला असतो. खाली वाइनची पिंपं आहेत. माझी काही तक्रार नाही.

माझा जन्म याच तळघरातला. येर्कोची ऐन उमेदीची वर्षं जहाजांवर विजेची कामं करण्यात गेली. कायमचा घरी आला तेव्हा त्याला करमेना, आणि त्या न करमण्यातून मी निघालो. छप्पर तापू नये म्हणून लावतात तसल्या फोमच्या पाट्या घरात उरल्या होत्या. तापलेल्या तारेने त्या कापून त्याने माझे पंख काढले. पंखांना ताठा यावा म्हणून आत गळाची मोडकी काठी घातली. कॅमेरा मात्र त्याच्या बायकोचा होता, दिन्काचा, आणि तिला विचारायचं राहून गेलं होतं.

"माझा कॅमेरा कुठाय रे?" तिने एक दिवस विचारलं.

"कामाला लागलाय."

"बरं झालं. घरातलं कुणीतरी लागलं."

पंखांखाली दोन बोटं धरून येर्को मला सारखा तोलून बघायचा. नाक वर गेलं की नाकात मासेमारीच्या जाळ्याचं शिसं भरायचा, खाली गेलं की काढायचा. इतक्या मायेने मला पुढे कुणी हातात धरलं नाही. पहिल्या उड्डाणात मी सरळ शेजारच्या अंजिराच्या झाडात घुसलो. दुसऱ्या उड्डाणातही घुसलो. झाड तेच होतं. गाव पोट धरून हसलं. येर्कोने चिकटपट्टी आणली आणि मला पुन्हा बांधलं. ते ऋण मी विसरलेलो नाही.

हळूहळू मी सुधारलो. माझ्या पोटात काडेपेटीएवढी एक सर्किटची पाटी आहे, तीच मला वाट दाखवते. शेतकरी नांगर घेऊन या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो आणि वळतो, तसा मी आकाशात जायचो-यायचो आणि फोटो काढायचो. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर थोडा चढलेला असे, छपरावरच्या कौलांसारखा. येर्को ते सगळे कॉम्प्युटरमध्ये जोडायचा आणि त्यातून जमिनीचा नकाशा निघायचा, चढ-उतारांसकट. गावाला त्याचं कौतुक नव्हतं. येर्कोची पेरिना आत्या तर मला 'माशी' म्हणायची.

"आली का तुझी माशी घोंघावून? दूध नासवेल एखाद्या दिवशी."

मग एका उन्हाळ्यात डोंगराला आग लागली. घरं वाचली, पण वरचा सगळा उतार काळा पडला. त्या उताराच्या पायथ्याशी पेरिना आत्याचा द्राक्षमळा होता. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने सांभाळला होता. आमच्या बेटावर माती थोडी आणि दगड फार. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी शेतातले दगड वेचून भिंती रचल्या, चुन्याशिवाय, नुसता दगडावर दगड, आणि त्या भिंतींच्या आड माती जपली. ओसाड पडलेल्या वरच्या भिंतींना आता झुडपांनीच धरून ठेवलं होतं. ती झुडपं जळाली. शरद ऋतूतला मोठा पाऊस आला की भिंतींचे दगड आणि राख पाण्याबरोबर खाली येणार आणि आत्याचा मळा गाडला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

गावात धडधाकट माणसं मोजकीच. पावसाआधी एखादीच भिंत पुन्हा उभी करणं शक्य होतं. पण कोणती? पाणी नेमकं कुठून वळणार, ते खालून कळत नव्हतं आणि वर जाऊनही राखेत सगळं सारखंच काळं दिसत होतं. तेव्हा येर्को सगळ्यांसमोर म्हणाला, "माझा ड्रोन सांगेल." कुणीही हसलं नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

नकाशा जागेवर बसायला जमिनीवर खुणा लागतात. येर्कोने चपटे दगड घेतले, त्यांवर पांढऱ्या रंगाच्या फुल्या काढल्या, मळ्यात आणि आसपास ते ठेवले आणि प्रत्येकाची जागा आणि उंची नीट मोजून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उडालो. एकही फोटो हलला नाही. मी खुशीत खाली उतरलो.

नकाशा निघाला तो असा, की त्यात पाणी डोंगर चढत होतं!

येर्कोने सगळं पुन्हा जोडून बघितलं. पुन्हा तेच. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "भंगार आहेस तू, निव्वळ भंगार." फोमला रडता येत नाही, एवढंच.

तो तणतणत मळ्यात गेला. मी त्याच्या काखेत होतो, म्हणून सगळं ऐकलं. दगड जागेवर नव्हते. मळ्याच्या भिंतीकडे बघितलं, तर पांढऱ्या फुल्या तिथून डोळे वटारून बघत होत्या.

"आत्या! हे दगड कुणी उचलले?"

"मी. काल संध्याकाळी. तुझे होते होय? मला वाटलं, कुणीतरी रंगवून टाकून दिलेत."

"अगं, मोजून ठेवले होते मी ते!"

"म्हणून काय झालं? शेतात मोकळा दगड दिसला तर काय ओलांडून जायचं? उचलले आणि बसवले भिंतीत. हलवून बघ, हलतोय का एखादा."

"त्यांची जागा हलली, म्हणून माझा नकाशा बिघडला ना!"

"तुझा नकाशा बिघडला, माझी भिंत सुधारली. इतकी वर्षं बोटीवर काढून तू बेटाचा राहिला नाहीस बघ."

येर्को हसायला लागला. बेटावरचं शेंबडं पोरही शेतातला मोकळा दगड भिंतीवर ठेवल्याशिवाय पुढे जात नाही, हे तोच विसरला होता. परतताना त्याने माझ्या नाकावर टपली मारली आणि म्हणाला, "चुकलं रे माझं." मी लगेच माफ करून टाकलं.

या वेळी त्याने फुल्या जमिनीतल्या खडकावरच काढल्या. तो खडक आत्यालाही उचलता आला नसता. पण तोवर युगो सुटला होता. आमच्याकडे हा दक्षिणेचा वारा सुटला की मागोमाग पाऊस येतोच. दिन्का म्हणाली, "नको उडवूस, हरवेल." येर्को म्हणाला, "आज नाही उडवला तर मग उडवून काय करू?"

मी उडालो. वारा मला आडवा ढकलत होता, तरी ठरलेल्या सगळ्या फेऱ्या मी केल्या. परत फिरताना मात्र एका झोताने मला उलटं केलं आणि मी डोंगराच्या धारेपलीकडे जाऊन पडलो. एक पंख मोडला. सगळे फोटो माझ्या पोटातल्या कार्डावर होते आणि वरून थेंब पडायला लागले होते. मित्रांनो, मला पंखाचं दुःख नव्हतं. आत्याचा मळा माझ्या पोटात भिजणार, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात पाऊलवाटेवरून पेरिना आत्या आली. पाठीवर सरपणाचा भारा होता. ती थांबली.

"पडलीस होय गं माशी? एवढी भुणभुण केल्यावर दुसरं काय होणार!"

ओलांडून जाणं तिला ठाऊकच नव्हतं. गुडघे धरत, कण्हत ती वाकली, मला उचललं आणि वाटेच्या कडेच्या भिंतीवर ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही पंखांवर एकेक दगड ठेवला. मग आभाळाकडे बघितलं आणि डोक्याचा काळा रुमाल सोडला. नवरा गेल्यापासून त्या रुमालाशिवाय गावाने तिला पाहिलं नव्हतं. तो तिने माझ्या पोटाभोवती घट्ट गुंडाळला आणि उघड्या पांढऱ्या केसांनी, भारा सावरत, पावसातून खाली गेली.

येर्को आणि दिन्का मला शोधत आले तेव्हा अंधारून आलं होतं. येर्को वाकून झुडपं चिवडत होता.

"जमिनीकडे काय बघतोयस?" दिन्का म्हणाली. "तुझा हातमोजा हरवला होता, तो कुठे सापडला? गावात कुणाच्या किल्ल्या हरवल्या की कुठे सापडतात? भिंतीवर बघ."

त्याने मान वर केली आणि मी त्याला दिसलो. रुमाल वरून चिंब झाला होता. आत कार्ड कोरडं होतं.

या नकाशात पाणी उतारानेच वाहिलं. धारेखाली एक जुना ओढा होता, त्याच्या काठची भिंत ढासळून ओढ्यातच पडली होती आणि पाणी तिथूनच मळ्याकडे वळणार होतं. रिमझिम पावसातच अख्खं गाव वर गेलं. त्यांनी ओढा मोकळा केला आणि भिंत उभी केली. मग खरा पाऊस आला. काळं पाणी गरजत ओढ्याने गेलं, थेट समुद्रात. आत्याच्या मळ्यात नुसती राखेची साय आली.

माझा पंख येर्कोने जोडला, पण पूर्वीसारखं उडणं काही जमलं नाही. आता माझा धाकटा भाऊ उडतो. पुढच्या सुगीला आत्या तळघरात वाइन घेऊन आली, तेव्हा येर्कोने धुतलेला रुमाल तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे वर बघितलं.

"असू दे तिलाच. वर गार लागत असेल."

तो अजून माझ्या पोटाभोवती आहे. म्हणून सांगतो मित्रांनो, वाटेत काही पडलेलं दिसलं, मोडकं असो, हसण्यासारखं असो, तर ओलांडून जाऊ नका. उचलून भिंतीवर ठेवा आणि वारा असेल तर वर एक दगडही ठेवा. कुणीतरी ते शोधत येत असतं.