जास्तीची एक ओळ

उस्ताद लबीब तावद्रोस यांनी त्या सोमवारी वादकांना ताल दाखवायची हातातली काठी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. एकसष्ट सिनेमांचं संगीत तिथे संपलं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू. आम्ही वादक तसंच धरून चालतो.

तर उस्ताद कैरोच्या शुब्रा भागातल्या स्टुडिओत उभे आहेत. समोर आम्ही बावीस जण, आमच्या पाठीमागे पडदा. पडद्यावर नायिका बोटीतून निघून जाते. बोट दिसेनाशी होईल त्याच क्षणी संगीत थांबायला हवं. उस्तादांना गेलं वर्षभर ऐकू येत नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना वाटतं, कोणालाच ठाऊक नाही. ते आमच्या व्हायोलिनचे गज बघून ऐकतात. म्हणून आम्ही गज जरा जास्तच हलवतो. माझा एकदा शेजारच्या बुत्रुसच्या चष्म्यावर बसला.

"चष्मा फोड माझा," बुत्रुस म्हणाला, "पण त्यांना दिसू दे."

दिग्दर्शक मुरादने सकाळीच बजावलं होतं, "आज नीट झालं तर पुढचा सिनेमाही उस्तादांचा. नाहीतर विजेचा ऑर्गन वाजवणारा आणतो. एकटा असतो. चहाही एकच कप लागतो."

शेवटच्या मिनिटाला उस्तादांची नजर गजांवरून पडद्यावर गेली. जायलाच हवी होती. नेमकी तेव्हा बासरीवर अशी एक ओळ उतरली, की प्रोजेक्टर चालवणाऱ्या खलीलकाकांनी झरोक्यातून डोकं बाहेर काढलं आणि भान विसरून ओरडले, "अल्लाह!"

आमच्या कैरोत अशी दाद आली की ती ओळ पुन्हा वाजवायची. लग्न असो, कॉफीखाना असो. विचार करायचा नसतो, हातच मागे जातात. बावीस जणांचे गेले.

बोट दिसेनाशी झाली. उस्तादांनी अचूक त्या क्षणी हात थांबवला, काठी ठेवली, कपाळ पुसलं आणि वळून म्हणाले, "बघ मुराद, अगदी बोटीबरोबर संपलं."

आम्ही वाजवत होतो.

"काय संपलं, उस्ताद?"

उस्तादांनी त्याचे ओठ पाहिले. मग आमचे गज पाहिले. ओळ अर्ध्यावर सोडायची कोणाची छाती झाली नाही. ती संपेपर्यंत ते बघत राहिले.

"दाद कोणी दिली?"

खलीलकाकांनी रडत हात वर केला.

"मग चांगलं झालं असणार," उस्ताद म्हणाले आणि कोट घालू लागले.

मुराद आमच्याकडे न बघता म्हणाला, "ऑर्गनवाल्याला फोन लावा."

त्याच दुपारी आम्ही लिहिलं:

मा. अध्यक्ष, वादक संघ, कैरो यांस. उस्तादांनी काठी खाली ठेवल्याचे खाली सही करणाऱ्या बावीस वादकांपैकी एकालाही ऐकू आले नाही. सबब आम्हा सर्वांना बहिरे ठरवून तसे दाखले द्यावेत, उस्ताद लबीब तावद्रोस यांचे कान शाबूत असल्याची नोंद घ्यावी, आणि पुढील सिनेमावर त्यांची विनाविलंब नेमणूक करावी, ही नम्र विनंती.