नाव मिळणेबाबत

"आणि याला काय म्हणायचं, काका?" मंजुश्रीनं मोबाईल पुढं धरून विचारलं.

"याला? घुबडीचा माळ."

"का बरं?"

"म्हनत्यात."

सकाळपासून शेषेरावांच्या तोंडून याहून लांब उत्तर काही बाहेर पडलं नव्हतं. लातूरहून आलेली ही पोरगी मात्र चिवट होती. माळरानं पायी तुडवणाऱ्या आणि तलावात वल्ही मारणाऱ्या हौशी लोकांचं तिचं मंडळ होतं. खरबवाडीतून निघायचं, तलावाच्या कडेकडेनं चौदा किलोमीटर माळ चालून पलीकडच्या काठाला पोचायचं, आणि तिथून कयाकमध्ये बसून पाण्यावरून गावात परत यायचं, असा मार्ग तिला नकाशावर बसवायचा होता. वाटाड्या हवा म्हणून तिनं गावात फोन केला, तर रामलिंगनं तो थेट आपल्या दोस्ताच्या, शेषेरावांच्या कानाला लावला. माळाची खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती.

फोनवर शेषेरावांनी एवढंच विचारलं होतं, "नाव ऱ्हाईल का आमच्या गावाला?"

"म्हणजे काय काका! गावाचं नाव तर बोर्डावर सगळ्यात वर!"

शेषेराव "बरं" म्हणाले नि फोन रामलिंगला परत दिला. त्यांना पाण्यातली नाव म्हणायची होती. या शब्दानं त्यांच्या तोंडाला पानं पुसण्याची ही दुसरी वेळ.

पहिली वेळ तेरा वर्षांपूर्वीची. तलाव भरला तसा गावाच्या तिन्ही बाजूंनी पाणी आलं. ऊस पाण्याखाली गेला, गुऱ्हाळ बंद पडलं आणि शेषेराव, रेणापूरपर्यंत नावाजलेले गुळव्या, रिकामे झाले. गुऱ्हाळातली लोखंडी काहील तेवढी राहिली, तीच लोकांनी पाण्यात टाकली. गूळ रटरटायचा त्या काहिलीत दूधवाला बसू लागला, पोरंबाळं बसू लागली. पण काहील म्हणजे गोल कढई. तिला ना पुढं ना मागं. फळीनं पाणी मारलं की आधी गरगर फिरणार, मग मनात आलं तर सरकणार. सरकारनं एक नाव द्यावी असं गावानं ठरवलं. अक्षर चांगलं म्हणून अर्ज शेषेरावांनी लिहिला. विषय टाकला, 'आमच्या गावास नाव मिळणेबाबत'.

सात महिन्यांनी कचेरीतून उत्तर आलं. 'आपल्या गावाचे नाव महसुली दप्तरी नोंद असल्याने नवीन नाव देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

पारावर ते मोठ्यानं वाचलं गेलं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "शेषेराव, गावाचं बारसं घालायलास की काय?" रामलिंग म्हणाला. शेषेरावही हसले, पण मनातून खट्टू झाले. दुसऱ्या दिवशी रामलिंगच कोरा कागद घेऊन आला. "होडी म्हनून लिव की लेका, काय बिघडतंय?"

"लिवतो," शेषेराव म्हणाले. त्यांनी लिहिला नाही. आज लिहू, उद्या लिहू करत दोन वर्षं गेली. खरं कारण एवढंच, की लोक हसले होते.

"काका, थांबा जरा, मोज्यात कुसळं गेली!" मंजुश्री दगडावर टेकली. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं. लांब चार काळविटं माना वर करून उभी होती. "किती सुंदर आहे हो हे! तुम्ही रोज बघता!"

शेषेरावांनी बघितलं. गवत होतं, हरणं होती, पलीकडं पाणी होतं. सुंदर असेलही. पाक उतरवायची वेळ टळली की गुळाचा रंगही जातो आणि चवही; तसं काहीसं त्यांचं झालं होतं. माळावर ते रोज हिंडत ते हौसेनं नव्हे. घरात बसवत नसे, आणि पाण्याकडं जायचं नसे. राहिला तो माळ.

"तुम्ही पोहता ना?" तिनं विचारलं.

"पव्हायचो."

"आता?"

"अकरा वर्सं झाली, पान्यात उतरलो न्हाई."

तिनं कुसळं झटकली आणि मोजे चढवले.

दुपारी ते पलीकडच्या काठावर पोचले. टेम्पो आधीच येऊन थांबला होता आणि नारिंगी कयाक पाण्याला लावून ठेवली होती. त्यांना पाण्यात सोडून टेम्पो धरणाच्या भिंतीवरून एकोणीस किलोमीटरचा वळसा घेऊन गावात येणार, आणि कयाक चढवून मंजुश्रीसह लातूरला जाणार होता. शेषेरावांना टेम्पोतून जाता आलं असतं. ड्रायव्हरनं दार उघडूनही धरलं. पण ही वस्तू पाण्यात कशी चालते, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी तरंगायचं जाकीट चढवलं आणि पुढच्या जागेवर बसले.

मंजुश्रीनं मागून वल्हं मारलं. कयाक सरळ निघाली.

शेषेराव ती फिरायची वाट बघत राहिले. ती फिरलीच नाही. समोर गावाचं देऊळ होतं, ते समोरच राहिलं आणि मोठं होत गेलं.

अकरा वर्षांपूर्वी, त्या दिवशी श्रावणातलं वारं होतं. बायकोच्या, साखराबाईंच्या छातीत कळ आली, गावची वाट चिखलात बसली होती, म्हणून त्यांना काहिलीत गोधडीवर निजवून शेषेराव निघाले. फळी त्यांच्या हातात, रामलिंग कडेला धरून पोहत होता. काहील गरगर फिरत होती. साखराबाईंना कधी देऊळ दिसे, कधी पलीकडचा काठ, पुन्हा देऊळ.

"आवो," त्या म्हणाल्या होत्या, "आपुन फुडं चाललाव का माघारी?"

"फुडंच," शेषेराव म्हणाले. खोटं होतं. त्यांनाच कळत नव्हतं. काठ लागायला पाऊण तास गेला, आणि काठ लागला तेव्हा दवाखान्याची घाई उरली नव्हती.

कयाकचं टोक गावच्या वाळूत घुसलं.

"किती येळ लागला?" शेषेरावांनी विचारलं.

मंजुश्रीनं मोबाईल बघितला. "बारा मिनिटं."

"बारा," शेषेराव म्हणाले. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ते उतरले, कयाक ओढून वर घेतली आणि काठावर पालथ्या पडलेल्या काहिलीवर जाऊन बसले. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. त्यांनी जाकीट काढलं, नीट घडी घालून शेजारी ठेवलं.

बऱ्याच वेळानं टेम्पो आला. ड्रायव्हर दोर सोडू लागला. मंजुश्रीनं फायलीतून छापील कागद काढला.

"शेवटचं विचारते काका, मग सुटलात तुम्ही. या थांब्याचं नाव काय लिहू?"

"नाव न्हाई हितं."

"नाव नाही? मग तुम्हीच एखादं सुचवा की!"

पुन्हा तेच. ड्रायव्हरनं कयाकचं एक टोक उचललं. 'जाऊ द्या' म्हणायला शेषेरावांची जीभ सवयीनं वळलीसुद्धा. मग ते उठले.

"ताई, होडी."

"म्हणजे?"

"होडी न्हाई हितं." एरवी 'व्हडी' म्हणणारे शेषेराव शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं करून म्हणाले. "फोनवर मी तीच मागितली हुती. पान्यातली. तुमी बोर्डाचं बोल्लात. माझंच चुकलं, मी नाव म्हनलो. लोक आजून काहिलीतनंच जात्यात."

मंजुश्रीनं पालथ्या काहिलीकडं बघितलं, मग पाण्याकडं.

"दादा, नका चढवू," ती ड्रायव्हरला म्हणाली. "राहू दे इथंच. मंडळात मी बोलते. काका, सोमवार ते शुक्रवार गावाची. शनिवार-रविवार आमची माणसं येतील. चालेल?"

"लिवून द्या."

"अहो, ठेवलीय ना!"

"लिवून द्या," शेषेराव म्हणाले.

तिनं छापील कागदाच्या पाठीमागं लिहिलं, 'एक होडी खरबवाडी येथे कायम ठेवण्यात येत आहे', खाली सही केली, तारीख घातली. शेषेरावांनी कागद हातात घेतला आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागले. होडीपाशी बोट थांबलं.

"बरोबर आहे ना, काका?"

"हाव," शेषेराव म्हणाले. "दोनच अक्षरं."