वरच्या मजल्याची मोजणी

तापमापकाच्या खाली भिंतीवर एक ओली पट्टी होती. बोटभर रुंद, खाली जाता जाता फिकी झालेली आणि शेवटाला क्षाराची बारीक पांढरी रेघ. मी बोट लावून पाहिलं. गार होती. आईच्या खोलीत त्या दुपारी दुसरं काहीच गार नव्हतं. कॉटची लोखंडी पट्टी, नळाची तोटी, फरशीसुद्धा हाताला तापलेली लागत होती.

तापमापकाच्या वर एक खिळा होता. तो मी ठोकलेला नव्हता.

"आई, इथं काय अडकवतेस?"

आई लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "पंचा. ओला करून. एवढा तापायचा बिचारा."

"तो तापावा म्हणूनच लावलाय ना."

"ते तुझं ठीक आहे. पण ते आकडे साहेबलोक वाचणार. म्हणजे त्यात काय लिहून येणार, सगळ्यांत मोठी भट्टी आमचीच? तुझ्या बाबांनी एवढं टापटीप ठेवलेलं घर."

मला राग यायला हवा होता. आला नाही. बाबा गेल्यापासून गोष्टी माझ्यापर्यंत उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. मी पंचा कुठे आहे ते विचारलं. तो मोरीत वाळत होता, स्वच्छ, नीट पसरलेला.

मी मोजमापाची उपकरणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या इमारतींमधल्या रहिवाशांच्या गटानं वरच्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये तापमापक लावायचं ठरवलं, तेव्हा ते तपासून देण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. प्रत्येक तापमापक मी बर्फाच्या पाण्यात धरला, शून्य जुळतं का पाहिलं, मागे खूण केली. उपकरणात चूक नव्हती. याची मला खात्री होती आणि या खात्रीवर मी चार महिने निवांत होते.

गट टेलरमामांनी उभा केला. तळमजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. मामा ते सगळ्यांचेच. इमारती ज्याच्या मालकीच्या त्या गृहनिर्माण मंडळानं पार्किंगसाठी अंगणातली झाडं तोडली, तेव्हा मामा मशीन बंद करून बुंध्याला टेकून बसले होते. झाडं गेली, पण माणसं जमली होती, ती राहिली. पुढचे उन्हाळे आधीच्यांपेक्षा कडक निघाले. वरचा मजला सपाट काँक्रीटच्या छताखाली असतो. ते छत दिवसभर तापतं आणि रात्रभर ती ऊब खाली सोडत राहतं. गटाची मागणी साधी होती. छतांवर उष्णता अडवणारा थर द्या आणि खाली एक गार खोली सगळ्यांसाठी उघडी ठेवा. सोमवारी त्यावर सुनावणी होती.

आईकडून निघून मी बाकीच्या खोल्या पाहिल्या. शेजारच्या काकूंनी तापमापक पाण्याच्या पिंपामागे ठेवला होता, "तिथं त्याला बरं वाटतं" म्हणून. कोपऱ्यातल्या सूनबाईंनी मुलं फोडतील या भीतीनं तो कपाटात, चादरींच्या घडीत ठेवला होता आणि रोज काढून, वाचून, परत आत ठेवत होत्या. एका घरी तो पंख्यासमोर होता. कुणी काही लपवलं नाही. मी विचारलं, की प्रत्येकजण कौतुकानं दाखवत होता, आलेल्या पाहुण्याला आपण कुठं झोपवलं ते सांगावं तसं.

टेलरमामा कोटाला अस्तर लावत होते. मी सांगितलं तसे ते आधी खो खो हसले.

"म्हणजे चार महिने आपण काय मोजलं? पिंपाचं अंग?"

"साधारण तसंच."

"आणि तुझ्या आईनं त्याला कपाळावर घड्या ठेवल्या. ताप उतरवला त्याचा!" मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी सुई अस्तरात खोचली. "तू त्यांना सांगितलं नव्हतंस का, कुठं लावायचा ते?"

"सांगितलं होतं. उन्हापासून दूर, भिंतीवर, डोक्याच्या उंचीला. पहिल्या दिवशी मीच लावून दिले होते."

"मग?"

"मग मी फक्त आकडे फोनवर घेत राहिले."

दुकानातला पंखा कापडाचे तुकडे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होता.

"हे आकडे मंडळाकडे आधीच गेलेत," मामा म्हणाले. "आता आपल्याकडे एकच गोष्ट उरते, बाळ. आईशी बोललीस का?"

"नाही."

"उन्हाळा सुरू झाल्यापासून विचारतोय."

"बघते म्हटलं होतं मी."

"बघतेस तू चांगलं. बोलत नाहीस."

गोष्ट बाबांची होती. मागच्या उन्हाळ्यात, जेवण झाल्यावर ते कॉटवर आडवे झाले. त्याआधी कितीतरी रात्री त्यांना झोप नव्हती. गच्चीवर जायचे, परत यायचे, अंगावर पाणी घ्यायचे. त्या दुपारी डोळा लागला. बाहेरून झळा येत होत्या म्हणून आईनं खिडकी लावून घेतली आणि चहाच्या वेळीही त्यांना हाक मारली नाही. माणूस कधी नव्हे तो झोपलाय, झोपू दे. मी संध्याकाळी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. प्रत्येकाचंच शेवटी ते बंद पडतं.

मी बाबांच्या मनगटाला हात लावला होता. तासन्‌तास उलटून गेल्यावर शरीर किती निवलेलं असायला हवं हे मला माहीत आहे. ते निवलेलं नव्हतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटत असल्याचंही मला आठवत नाही. एक आकडा दिसला आणि मी तो पाहिला, एवढंच.

हृदयानं गेले असतील तर कुणाचाच काही दोष नव्हता. उकाड्यानं गेले असतील तर आई बाजूला बसली होती. म्हणून आई "हार्टनं गेले" म्हणायची, कुणी विचारलं नाही तरी. भाजीवाल्यालासुद्धा. आणि तिनं हो म्हटल्याशिवाय बाबांचं नाव गटाच्या तोंडी येणार नाही, असं मी मामांना बजावलं होतं.

रविवारी मी तिच्याकडे गेले. आम्ही दोघींनी जेवण केलं. मी म्हटलं, "आई, उद्याचं."

"येते मी उद्या. मामांनी सांगितलंय, माणसं दिसायला हवीत."

"बाबांबद्दल विचारतील कदाचित."

"हार्टनं गेले," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो खाल्ला.

सुनावणीचा हॉल इतका गार होता, की आल्या आल्या काकूंना शिंका सुरू झाल्या. "गार खोली मागायला आलो आणि इथंच मिळाली," मामा पुटपुटले. "ठराव करून इथंच राहू या का?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आई माझ्या शेजारी होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

मंडळाचा अधिकारी तरुण होता, आवाजानं मऊ. त्यानं आमचेच आकडे पडद्यावर लावले. "तुमच्या गटानं मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आभार. पण या नोंदींप्रमाणे खोल्यांमधलं तापमान राहण्याजोगंच आहे. छताच्या खर्चाचं समर्थन मी कशाच्या जोरावर करू?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि आकडे चुकीचे का आहेत ते सांगितलं. पिंप, कपाट, पंखा, ओला पंचा, सगळं. पंच्याला हॉल हसला. आई हसली नाही. चूक माझ्या पद्धतीत होती, एकदा तपासून मी पुन्हा पाहिलं नाही, हेही सांगितलं. माझा आवाज मला प्रयोगशाळेतल्यासारखाच ऐकू येत होता.

"म्हणजे तुमच्याकडे दुसरे आकडे नाहीत?"

"या उन्हाळ्याचे नाहीत, तो संपत आला. पुन्हा मोजावे लागतील. पुढच्या उन्हाळ्यात."

"तोपर्यंत लोकांनी तिथं राहायचं कसं ते सांगा," मामा जागेवरूनच म्हणाले.

"काका, मी समजू शकतो."

"समजू नका हो. या राहायला. सूट शिवून देतो, फुकट."

पुन्हा हसू. अधिकारीही हसला. मग त्यानं कागद सरळ केले. "एक शेवटचा प्रश्न, तो विचारावाच लागतो. या इमारतींमध्ये उष्णतेमुळे कुणी दगावल्याची नोंद आहे?"

मला उत्तर माहीत होतं. नोंद नव्हती. मी तेवढंच म्हणू शकत होते आणि ते अचूक ठरलं असतं. मामा माझ्याकडे पाहत नव्हते. ते छताकडे पाहत होते. त्यांनी शब्द पाळला होता.

"नोंद नाही," मी म्हटलं.

"ठीक. नोंद नाही असं घ्या," तो शेजारच्या लिहिणाऱ्या बाईंना म्हणाला.

"थांबा," आई म्हणाली.

ती उभी राहिली. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली आणि ती उचलायला आम्ही दोघीही वाकलो नाही.

"आमचे हे गेले. मागच्या उन्हाळ्यात. वरच्या मजल्यावर."

अधिकाऱ्यानं इमारतींमधल्या मृत्यूंच्या नोंदींचा कागद चाळला. "आजी, इथं कारण हृदय बंद पडल्याचं दिसतंय."

"हो. तसं लिहिलंय. मीही तसंच सांगत आले."

"मग?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. लिहिणाऱ्या बाईंकडे पाहिलं, त्यांचं पेन थांबलंय ना याची खात्री करावी तसं.

"उकाड्यानं गेले," ती म्हणाली. "मी शेजारी बसले होते. घरात, कॉटवर, उकाड्यानं गेले. तसं लिहा."