बहीण नसल्याचा दाखला

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, त्या दोघींचं लग्न झालं. अगदी रीतसर झालं. सह्या झाल्या, शिक्का बसला, कारकुनाने आनंदाप्रीत्यर्थ पंखा एकने वाढवला.

आता हे झालंच नाही असं समजा. कारण त्याच्या तीन आठवडे आधी असं काही होणं शक्यच नव्हतं. तीन आठवडे आधी त्या दोघी बहिणी होत्या.

म्हणजे लाडाने म्हणायच्या बहिणी नव्हेत, कागदोपत्री बहिणी. नगरपालिकेच्या कुटुंब नोंदवहीत, निळ्या शाईत, एकतीस वर्षं. मोठी बस चालवायची, धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं. गल्लीत त्यांना मोठी आणि धाकटी असंच म्हणत, आणि आता त्याच नावाने हाक मारली की दोघींचीही मान वळायची.

सुरुवात एका भाड्याच्या खोलीपासून झाली. भाडेकरूंची नोंद तेव्हा घरमालकच नगरपालिकेच्या वहीत करत. घरमालक, त्या वेळी हयात होते ते, ती नोंदवही उघडून बसले आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?"

खरं उत्तर दिलं असतं तर त्या काळी खोली मिळाली नसती, पोलीस मिळाले असते. धाकटी पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत राहिली. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी तिला एका बॅगेसकट घराबाहेर ठेवलं होतं आणि मागून दार लावलं होतं. इतकं हळू लावलं होतं, की आपटलं असतं तर बरं, असं तिला वाटलं होतं.

मोठी नुकतीच बसवर लागली होती. चौकात आयत्या वेळी निर्णय घ्यायची तिला सवय होती.

"बहिणी," ती म्हणाली.

मालकांनी जन्मतारखा विचारून लिहिल्या. "दोघींत दोन महिन्यांचं अंतर आहे."

"आया वेगळ्या. वडील एक. जहाजावर स्वयंपाकी होते." मोठीने किंचित श्वास घेतला. "दोन बंदरं होती."

मालक जग पाहिलेला माणूस. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. "वडिलांचं नाव?"

समोर भिंतीवर एका रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. मोठीने त्यावरचं, कंपनीच्या मालकाचं नाव सांगून टाकलं. अशा रीतीने दोघींना वडील मिळाले.

वडील एकदा घरात आले की गप्प बसत नाहीत. गल्लीतले लोक विचारायचे, तुमचे बाबा काय करायचे, कुठे असायचे, कसे गेले. मोठी दिवसभर बसमधून लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" सांगून कंटाळलेली असायची, संध्याकाळी ती बाबांना पुढे सरकवायची. बाबा वादळातही रस्सा सांडू द्यायचे नाहीत. बाबांना पोहता येत नव्हतं, पण ते त्यांनी कप्तानाला कधी कळू दिलं नाही. बाबांनी दोन्ही मुलींना एकाच मापाचे बूट आणले, मग मोठीचा पाय त्या मापाचा होईपर्यंत दोन वर्षं वाट पाहिली. धाकटीला हे ऐकताना गंमत वाटायची. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की दुकानात गिऱ्हाईक अडून बसलं की आपण मनातल्या मनात बाबा काय म्हणाले असते याचा विचार करतो. खऱ्या वडिलांनी काय म्हटलं असतं हे तिला पाठ होतं. त्याचा विचार करावा लागत नसे.

मोठीला आणखी एक नाद होता. जगात कुठे दोन बायकांच्या किंवा दोन पुरुषांच्या लग्नाची बातमी आली, की ती कात्रीने कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. कुठे कायदा झाला. कुठे झालेला मोडला. कुठे लग्न मिळालं, कुठे चौदा वर्षं तुरुंग. डब्यात सगळे देश एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे पडलेले असायचे. "आपला देश यात कधी येणार?" धाकटी विचारायची. "येईल," मोठी म्हणायची, "चार-पाच स्टॉप राहिलेत."

आणि खरंच आला. कायदा झाला. धाकटीने दुकान अर्धा तास बंद ठेवलं आणि आत बसून स्वतःच्याच चष्म्याच्या काचा पुसल्या. पण महिन्याभरात निवडणूक होती, आणि विरोधी पक्षाने जाहीर सांगितलं होतं की निवडून आल्या आल्या हा कायदा रद्द. झालेली लग्नं तशीच राहतील, न झालेली राहून जातील.

"आपलं काय अडलंय?" मोठी म्हणाली. "बहीण म्हणून सगळं चालतं की. भाडं, दवाखाना, सगळं."

"तुझ्या पित्ताशयाच्या वेळी मला विचारलं, कोण तुम्ही यांच्या? मी बहीण म्हणून सही केली. आणि बाहेर बाकावर बहिणीला शोभेल इतकंच रडले."

मोठीने बिस्किटांचा डबा उघडला आणि परत लावला.

"मला एकदा कुणीतरी ते विचारावं," धाकटी म्हणाली, "आणि मला खरं सांगता यावं. बस्स."

"चल," मोठी म्हणाली, आणि उठून चप्पल घालायला लागली. त्या वेळी रात्रीचे आठ वाजले होते, कार्यालय सकाळी दहाला उघडायचं.

कारकून वयाने लहान, चष्म्याने मोठा होता. त्याने अर्ज वाचला, नोंदवही आणवली, पान उलटलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाई, कायदा झालाय हे खरं. पण बहिणींना नाही करता येत. तो निराळा कायदा आहे, फार जुना."

"आम्ही बहिणी नाही," धाकटी म्हणाली.

"इथं लिहिलंय."

"ते खोटं आहे. हे जन्मदाखले बघा. वडिलांची नावं वेगळी आहेत."

कारकुनाने दाखले नोंदवहीशेजारी ठेवले. "दोन सरकारी कागद भांडले, की जो नंतर जन्मला तो खरा. नोंदवही नंतरची आहे."

"रक्त तपासा," मोठी म्हणाली.

"रक्तावर शिक्का बसत नाही," कारकून दुःखाने म्हणाला. धाकटीचं लक्ष मात्र त्याच्या चष्म्याकडे होतं. डावी काडी उंच बसली होती, त्यामुळे तो सगळ्या जगाकडे संशयाने पाहतोय असं वाटत होतं. तिला राहवेना. तिने हात पुढे करून चष्मा काढून घेतला, पर्समधल्या बारक्या पेचकसाने स्क्रू आवळला, काडी सरळ केली आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?"

"आता," कारकून म्हणाला. "पण हे मला लाच म्हणून नोंदवावं लागेल."

"नोंदव बाळा."

त्याने नोंदवलं. मग नीट दिसायला लागल्यामुळे की काय, त्याला नियमांच्या पुस्तकात खालचं बारीक अक्षर सापडलं. चुकीची नोंद ज्याने केली त्याने, किंवा तो वारला असल्यास त्याच्या वारसाने, ती चूक आहे असं लिहून दिलं तर बहीण नसल्याचा दाखला मिळू शकत होता. त्यासाठी छापील नमुना होता. त्यात दोन वाक्यं होती: सदर दोघी एकमेकींच्या बहिणी नाहीत. आणि, नोंदीत दाखवलेले वडील नावाचे गृहस्थ कधीही अस्तित्वात नव्हते.

नोंद घरमालकांनी केली होती. ते अकरा वर्षांपूर्वी वारले. वारस म्हणजे खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, वय एक्क्याऐंशी, सगळ्या इमारतीच्या मावशी.

आता एकतीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायलो, त्यांना जाऊन सांगायचं की आम्ही तुम्हाला एकतीस वर्षं फसवलं. सही नाही मिळाली तर लग्न गेलं, आणि मावशी चिडल्या तर घरही गेलं. धाकटी जिन्यात तीन वेळा थांबली. चौथ्या वेळी मोठीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाली, "पुढे सरका."

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, जे करू नका म्हणून धाकटी त्यांना वीस वर्षं सांगत होती.

"तुम्ही बहिणी नाही हे मला सातव्या दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "मला चार बहिणी आहेत. सख्ख्या. बहिणी अशा एकमेकींचं ऐकून घेत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?" धाकटीने विचारलं.

"मला कोण विचारतंय? वही ह्यांची होती. आण तो कागद, कुठं सही करायची?"

धाकटीने लगेच कागद पुढे केला. मावशींनी कागद डोळ्यांजवळ नेला, पहिलं वाक्य वाचून मान डोलावली, दुसरं वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"हे काय लिहिलंय? बाबा नव्हते?"

धाकटीने कागद उगाच सरळ केला.

"तो जहाजावरचा माणूस. नव्हताच?"

"नव्हता, मावशी," मोठी म्हणाली. "मी रचला."

"आणि बटाटे?"

बटाट्यांचं असं होतं. मालक गेले तेव्हा मावशींनी अन्न सोडलं. सगळे जण समजावून थकले. तेव्हा मोठीने येऊन सांगितलं, की आमचे बाबा म्हणायचे, दुःखात माणसाने निदान बटाटे सोलावेत. खायचे नसले तरी सोलावेत. मावशींनी पाच किलो बटाटे सोलले, मोठी समोर बसून सोलत राहिली. मग इतके सोलले आहेत तर वाया कशाला, म्हणून मावशींनी दोन घास खाल्ले. सगळ्या इमारतीने आठवडाभर बटाटे खाल्ले.

"ते बाबा नाही म्हणाले," मोठी खाली बघत म्हणाली. "मीच म्हणाले. जिन्यात सुचलं."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"माझं ऐकलं असतंत?"

मावशींनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"म्हणून."

"तरी मी सही करणार नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बहिणी नाही, बरं. कुणी कुणाची बहीण असावी अशी माझी सक्ती नाही. पण ज्या माणसाच्या सांगण्यावरून मी जेवले, तो नव्हताच असं मी कशी लिहून देऊ? हिला विचार. हिला चालतंय का?"

मोठीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीला लग्न हवं होतं. एकतीस वर्षं हवं होतं. आणि त्या छापील वाक्याकडे बघताना पुन्हा कुणीतरी फार हळू दार लावत असल्यासारखं तिला वाटलं. या वेळी दार लावणारी ती स्वतःच होती.

"तू त्या दिवशी मावसबहिणी, मैत्रिणी, काहीही सांगू शकली असतीस," ती मोठीला म्हणाली. "वडीलच का?"

"तुझे नुकतेच गेले होते ना," मोठी म्हणाली. "म्हटलं, लगेच दुसरे घेऊ. सवय मोडायला नको."

धाकटी हसायला लागली, आणि हसता हसता तिला जे झालं ते बहिणीला शोभण्याच्या फार पलीकडचं होतं. मोठीने तिचा चष्मा काढून हातात धरून ठेवला. मावशींनी पाठ फिरवून उगाच खिडकी बंद केली, मग उघडली.

"पेन दे," थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या. त्यांनी छापील दुसरं वाक्य खोडलं आणि त्याच्यावर आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: सदर गृहस्थ माझ्या माहितीप्रमाणे या घरी कधीही आलेले नाहीत. "यात खोटं काही नाही," त्या म्हणाल्या. "आले असते तर मी चहा दिला असता, माझ्या लक्षात राहिलं असतं."

कारकुनाने ती ओळ सरळ झालेल्या चष्म्यातून चार वेळा वाचली. नियमात 'अस्तित्वात नव्हते' असं हवं होतं. पण जो माणूस घरी आला नाही, त्याची त्या घरच्या वहीत नोंद होऊ शकत नाही, हेही नियमातच होतं. त्याने शिक्का उचलला, शिक्क्यावर फुंकर घातली आणि मारला.

मग मधले दिवस गेले आणि तो गुरुवार आला, जो झालाच नाही असं आपण समजत होतो. कारकुनाने छापील प्रश्न वाचला, "तुम्ही यांच्या कोण?", आणि धाकटीने उत्तर दिलं. इतक्या मोठ्याने दिलं, की खालच्या मजल्यावर पाणीपट्टीच्या रांगेतल्या लोकांनी वर पाहिलं. साक्षीदार म्हणून मावशींनी सही केली. फक्त वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी धाकटीचं पेन थोडं थांबलं. तिथं जन्मदाखल्यावरचं नाव लिहिणं सक्तीचं होतं. तिने लिहिलं. त्या माणसाला या लग्नाचं कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं.

खाली उतरल्यावर मावशी पायरीवरच बसल्या. "कागद काढ," त्या मोठीला म्हणाल्या. "मी सांगते, तू लिही. आणि धाकटे, तू नीट वाचून बघ, हिचं अक्षर बस चालवल्यासारखं आहे." तिघींनी सह्या केल्या, आणि धाकटी दोन जिने चढून तो अर्ज स्वतः खिडकीत देऊन आली. कारकुनाने त्याला आवक क्रमांक दिला.

प्रति, मा. विवाह निबंधक यांस.

विषय: वडील मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयान्वये अर्ज सादर करण्यात येतो की, आम्हा दोघींचे एकतीस वर्षे वडील असलेले, व्यवसायाने जहाजावरील स्वयंपाकी, यांचे नाव आपल्या कार्यालयाने नियमानुसार कमी केले आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तथापि, सदर गृहस्थ अस्तित्वात नाहीत एवढ्या एकाच कारणावरून त्यांना अपात्र ठरवू नये. त्यांची आम्हा दोघींचे वडील म्हणून पुन्हा नोंद करण्यात यावी, मात्र त्यायोगे आम्ही पुन्हा बहिणी होणार नाही याची दक्षता कार्यालयाने घ्यावी. तसेच गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ते कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मुलींच्या मागे, दाराजवळ उभे होते असे धरण्यात येऊन त्यांची हजेरी लावण्यात यावी, ही विनंती.