अंबूबाईची फेरी

मित्रांनो, मी घोडा आहे खरा. पण आख्ख्या जन्मात मी सरळ दोन पावलंसुद्धा चाललेलो नाही. मी फक्त गोल फिरलो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचा मी एक जुना लाकडी घोडा. आठांपैकी पाचवा.

मला सांगलीत केरबा सुताराने आंब्याच्या लाकडातून घडवलं. केरबा हाताने कसबी होता, पण त्याने घोडा कधी जवळून पाहिलेला नव्हता. दारात बांधलेला बैल मात्र रोज समोर असायचा. म्हणून आम्हा आठही घोड्यांचे कान बैलाचे झाले. रंग देऊन झाल्यावर ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "असू द्या. पोरास्नी काय कळतंय?" पोरांना पहिल्याच दिवशी कळलं. पण कान धरायला ऐसपैस होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आमचे मालक नाथाजी आणि त्यांची बायको बनुबाई. पावसाळाभर आम्ही सांगलीत हळदीच्या वखारीत एका कोपऱ्यात पडून असायचो. चार महिने अंगावर पिवळी धूळ बसायची आणि तो उग्र, गोडसर वास नाकात भरून राहायचा. त्या वासात मला पुढच्या जत्रांची स्वप्नं पडत. थंडी सुरू झाली की आम्ही बैलगाडीत चढायचो आणि कृष्णेच्या काठाकाठाने गावोगाव निघायचो. गाडी डुलायची आणि मीही डुलायचो. सांगलीपासून वाळव्यापर्यंत कितीतरी गावं मी अशी अर्धवट झोपेत पाहिली आहेत.

आमच्या पाळण्याला इंजिन नव्हतं. नाथाजी मधल्या खांबाजवळ उभे राहून लाकडी दांडा छातीने रेटायचे आणि आम्ही फिरायचो. पोरांना बसवायचं आणि उतरवायचं काम बनुबाईचं. ती प्रत्येक पोराला नाव विचारायची आणि पुढच्या वर्षी ते नाव बरोबर आठवायची. रडणाऱ्या पोराला ती नेहमी माझ्यावर बसवायची, कारण माझी पाठ सगळ्यांत रुंद. त्यामुळे माझ्या वाट्याला रडकी पोरं फार आली. तिसऱ्या फेरीपर्यंत ती हसायला लागायची आणि उतरताना पुन्हा रडायची, पण आता उतरायचं नाही म्हणून.

आमच्या कामाची एक रीत होती. जत्रेच्या दिवशी, गाव जागं व्हायच्या आधी, नाथाजी नदीतली वाळू पोत्यांत भरून आणत. एकेका घोड्यावर एकेक पोतं ठेवत आणि पाळणा पोरांशिवायच फिरवून बघत. खांब कुठे घासतोय का, कुठे कुरकुरतोय का, ते कान लावून ऐकत. याला ते वजनाची फेरी म्हणत. आठही घोड्यांवर सारखं वजन लागे. एक जरी घोडा मोकळा राहिला तरी पाळणा एका अंगाला कलायचा. ही फेरी नीट झाल्याशिवाय त्यांनी एकही पोर कधी वर बसवलं नाही.

आता मला जे सांगायचंय ते कृष्णाकाठच्या एका छोट्या गावचं आहे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तिथली माणसं मला अजून हसतील. तिथे पौषात जत्रा भरायची. त्या जत्रेत अंबूबाई नावाची एक बाई दरवर्षी नातवंडांना घेऊन यायची. वय साठीच्या पुढे. नातवंडं पाळण्यात बसली की ती बांबूच्या कठड्याबाहेर उभी राहायची. आम्ही फिरायला लागलो की तिची मान आमच्याबरोबर हळूहळू फिरायची. मी समोरून गेलो की प्रत्येक वेळी मला तिचे डोळे दिसायचे. ती नातवंडांकडे बघत नव्हती, मित्रांनो. ती माझ्याकडे बघत होती.

बनुबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, बसा की एकडाव."

"आगं बया!" अंबूबाईने पदर तोंडावर घेतला. "मला काय खुळं लागलंय व्हय? लोकं शेण घालतील तोंडात."

असं म्हणाली, पण पाळणा थांबल्यावर तिने कठड्यातून हात घालून माझी मान कुरवाळली. मग हळू आवाजात तिने बनुबाईला सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना अशाच एका जत्रेत पाळण्यात बसली होती. पाळणा हलणार, तेवढ्यात तिच्या होणाऱ्या सासरची माणसं तिथून गेली. सून चारचौघांत घोड्यावर बसलेली त्यांना खपलं नाही. त्यांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. "तवापास्नं न्हाई बसले," ती म्हणाली, "आन् आता कुठलं बसतीया!"

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एवढी पोरं माझ्या पाठीवरून गेली होती. त्यांत या एका बाईची फेरी पन्नास वर्षं अडकून पडली होती.

पुढचं वर्ष चौऱ्याहत्तरचं. जत्रेच्या दिवशी पहाटे नदीवर दाट धुकं होतं. पलीकडच्या उसाचे तुरे तेवढे धुक्याच्या वर दिसत होते आणि कुठल्यातरी गुऱ्हाळाच्या काकवीचा वास येत होता. नाथाजींनी आठ पोती भरून आणली होती. ती मी मोजली होती. तेवढ्यात देवाला पाणी घालायला घागर घेऊन निघालेली अंबूबाई धुक्यातून येताना दिसली. नाथाजींनी बनुबाईकडे पाहिलं, माझ्यावरचं पोतं उचललं आणि गुपचूप गाडीखाली सरकवलं.

"आवं आत्याबाई!" त्यांनी हाक मारली. "लय नड आलीया बगा. एक पोतं कमी पडलंय. पाळना कलतोय आन् वजनाची फेरी हुईना. तुमी जरा बसला तर पोरांचा पाळना येळेवर सुरू हुईल."

खोटं बोलणं वाईट, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मीही तेच म्हणतो. पण त्या पहाटे मी कान बैलाचे असूनही काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

अंबूबाईने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. धुक्याशिवाय कोणी नव्हतं. "पोरांसाठी म्हंतासा, तर बसते," ती म्हणाली आणि घागर खाली ठेवली.

बनुबाईने तिला हात देऊन माझ्या पाठीवर बसवलं. तिचं वजन एखाद्या पोरीएवढंच होतं. नाथाजींनी दांडा रेटला. सात पोती आणि एक अंबूबाई, असे आम्ही निघालो. नदी आली, गेली. उसाचे तुरे आले, गेले. देवळाचा कळस धुक्यातून वर आला आणि पुन्हा बुडाला. जग विरघळल्यासारखं झालं होतं आणि त्यात आमचा पाळणा तेवढा फिरत होता. माझे दोन्ही कान तिने घट्ट धरले होते. दुसऱ्या फेरीला ती हसली. अगदी बारीक, स्वतःशीच. पाचव्या फेरीला म्हणाली, "थांबवू नगासा, नाथाजी. अजून कुरकुरतंय वाटतं कुटंतरी." कुठेही कुरकुरत नव्हतं. नाथाजींनी आणखी दहा फेऱ्या मारल्या.

पुढची दोन वर्षं अशीच गेली. दरवर्षी एक पोतं कमी पडायचं. दरवर्षी अंबूबाई त्याच वेळी नदीवर निघायची. कोणीच काही बोलायचं नाही. त्या पहाटेसाठी मी वखारीत चार महिने वाट बघायचो.

मग सत्त्याहत्तर साल उजाडलं. अंबूबाईचा मुलगा धनाजी फौजेत हवालदार होता. तो त्या वर्षी पेन्शन घेऊन गावी आला होता. फौजेतली सवय, म्हणून पहाटे उठून पळायला निघाला. धुक्यातून पळत पळत तो थेट पाळण्यापाशी आला आणि जागच्या जागी थांबला. त्याची आई लाकडी घोड्यावर बसून हसत होती.

"आये!" तो ओरडला. "उतर खाली! गाव काय म्हनंल? हवालदाराची आई पाळन्यात बसती म्हून हसंल सगळं गाव!"

नाथाजी पोत्याचं काहीतरी सांगायला लागले. अंबूबाईने ते ऐकलं नाही. ती मुकाट्याने उतरली, पदर सारखा केला, घागर उचलली आणि निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही तिने. मला त्या दिवशी पहिल्यांदा आपण लाकडाचे आहोत याची चीड आली. खरा घोडा असतो तर तिला घेऊन धुक्यात निघून गेलो असतो.

पुढच्या वर्षी अंबूबाई आली नाही. पहाटे नाथाजींनी सातच पोती ठेवली आणि वाट पाहत बसले. धुकं विरलं, उन्हं वर आली. शेवटी त्यांनी आठवं पोतं आणून माझ्या पाठीवर ठेवलं. वाळूचं पोतं इतकं जड असतं हे मला त्या सकाळी कळलं. नदीवर आलेल्या बायकांनी सांगितलं की अंबूबाईच्या पायांतलं बळ गेलंय, ती आता अंथरूण धरून असते.

ते ऐकून नाथाजी आणि बनुबाई धनाजीच्या घरी गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण बनुबाईने नंतर ते इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. धनाजी घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. नाथाजी चाचरत म्हणाले, "हवालदारसाब, एक पोतं कमी पडतंय…"

"नदीतली वाळू सरली काय, पाळनेवाले?" धनाजी म्हणाला.

तेव्हा बनुबाई पुढे झाली. "पोत्याचं खोटं हाय, दादा. पैल्यापास्नं खोटंच हुतं. तुमची आई नऊ वर्साची असताना पाळन्यात बसली हुती. तवा तिच्या सासरच्यांनी तिला दंडाला धरून उतरवलं. दुसऱ्यांदा तुमी उतरवलं. आता तिसऱ्यांदा कोन बसवनार तिला?"

धनाजी उठून आत गेला. ही दोघं परत आली. बनुबाईचे डोळे लाल झाले होते. तरी दुपारी तिने पोरांना हसतच बसवलं, कारण जत्रा काही थांबत नाही.

दुपार कलली तशी गर्दी वाढली. कठड्याभोवती सगळा गाव दाटला होता. पिपाण्या वाजत होत्या, भजी तळली जात होती आणि मी नेहमीसारखा फिरत होतो. अचानक गर्दी मधोमध फाटली. धनाजी येत होता. त्याने आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. तिने लाजेने तोंड त्याच्या खांद्यात लपवलं होतं.

नाथाजींनी पाळणा थांबवला. लोक टकामका बघायला लागले. तिची लाज राखावी म्हणून नाथाजी मोठ्याने म्हणाले, "या, या! वजनाला मानूस पायजेच हुतं…"

"वजन-बिजन काय न्हाई," धनाजी म्हणाला. त्याचा आवाज कवायतीचा, पार देवळापर्यंत गेला असेल. "माज्या आईला पाळन्यात बसायचंय. म्हून आनलंय."

कोणी हसलं नाही. माझ्या पाठीवरचं पोर बनुबाईने उतरवून घेतलं आणि धनाजीने आईला माझ्यावर बसवलं. मग त्याने नाथाजींच्या हातातून दांडा घेतला आणि स्वतःच रेटायला लागला. भर उन्हात, आख्ख्या गावासमोर आम्ही फिरलो. आधी अंबूबाईने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या फेरीला तिने ते उघडले आणि पदर डोक्यावरून पडला तरी सावरला नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. धनाजीही रडत होता, पण तो खांबाकडे तोंड करून होता, म्हणून ते फक्त आम्हा आठ घोड्यांना दिसलं.

पाळणा थांबला तेव्हा कठड्यापाशी उभी असलेली एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "बनुबाई, मला बी बसीव की गं." तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. अंबूबाई काही उतरली नाही. पुढच्या फेरीला आठही घोड्यांवर आठ म्हाताऱ्या होत्या आणि गावातली सगळी पोरं कठड्याबाहेर उभी राहून त्यांची नावं घेऊन ओरडत होती.

मित्रांनो, नंतर विजेवर फिरणारे पाळणे आले आणि आम्हाला कोणी विचारीनासं झालं. माझा एक कान तुटला, रंग उडाला. मी आता सांगलीतल्या एका बालवाडीच्या अंगणात उभा आहे. मला रंग द्या, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दिलात तर आनंदच आहे. माझी विनवणी वेगळी आहे. तुम्हाला जत्रेला नेणारं, तुमच्या हातात फुगा देणारं, तुम्हाला पाळण्यात बसवून बाहेर उभं राहणारं कोणीतरी तुमच्याही घरात असेल. तिला एकदा विचारा, "तुला बसायचंय का?" ती नाही म्हणेल. लगेच विश्वास ठेवू नका.