जनावरे समक्ष पाहिली

मित्रांनो, शेळ्यांच्या गोठ्यात शिरलं की डाव्या खांबाला सुतळीनं बांधलेला एक जुना शिक्का लटकताना दिसेल. तो मी. दिसेल म्हणतो खरा, पण त्यासाठी गोठ्यात यावं लागतं, आणि माझी सगळी कहाणी नेमकी तिथंच अडली आहे.

माझा जन्म सेलूचा. स्टेशनच्या रस्त्याला परमेश्वर नावाचा कारागीर कापसाच्या गाठींवर मारायचे छाप करीत बसायचा. त्यानं बाभळीची मूठ घासून गुळगुळीत केली, खाली रबर चिकटवलं आणि त्यावर तीन शब्द उलटे कोरले : 'जनावरे समक्ष पाहिली'. असला मजकूर त्यानं कधी कोरला नव्हता.

"कुणी पाहिली, साहेब?" त्यानं विचारलं.

"जो मारील त्यानं," असं उत्तर मिळालं.

उत्तर देणारे होते जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या संशोधन केंद्राचे जुने साहेब. इथं शेळ्यांवर नव्या औषधांचे प्रयोग होतात. प्रयोगाआधी जनावरं किती, कोणती, त्यांना त्रास काय होणार, हे एका समितीपुढं मांडून मंजुरी घ्यावी लागते. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी समितीनं बारा शेळ्यांवरच्या एका प्रयोगाला एकमतानं मंजुरी दिली. त्यातली एक शेळी दोन महिन्यांपूर्वीच मेली होती. तिला कसलाही त्रास होणार नाही, अशी समितीची खात्री पटली होती, आणि ती तंतोतंत खरी होती.

साहेबांना मात्र ही गोष्ट फार लागली. त्यांनी मला करवून घेतलं आणि ऑफिसात न ठेवता गोठ्यात बांधलं. सुतळी मुद्दाम हातभरच ठेवली. शिक्का फाईलकडं जाणार नाही, फाईलच शिक्क्याकडं येईल. आणि फाईलला पाय नसल्यानं समितीलाही तिच्याबरोबर यावं लागेल.

मित्रांनो, ते दिवस आठवले की माझं रबर अजून मऊ होतं. समितीची मंडळी पॅन्टचे पाय वर ओढत, लेंड्या चुकवत यायची. गोठा सांभाळणारे मुंजाजी एकेक शेळी पुढं करायचे. ते राणीसावरगावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शेळ्यांच्या कानात नंबर होते, मुंजाजींच्या तोंडी त्यांची नावं होती. समितीत सुमनबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका बाहेरच्या सदस्य होत्या. शेळीला त्या मनातून भ्यायच्या, पण दर खेपेला पिशवीत शेवग्याचा पाला घेऊन यायच्या आणि दर शेळीपाशी एकच प्रश्न विचारायच्या, "हिला दुखंल का हो?"

मोठमोठ्या डॉक्टरांना त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घसा खाकरावा लागे. उत्तर पटलं की सुमनबाई मान हलवायच्या, कुणीतरी मला पॅडवर टेकवायचं आणि कागदावर दाबायचं. माझ्या उजव्या कोपऱ्याचा एक तुकडा एका बोकडानं चावून नेला होता, त्यामुळं माझी चौकट तिथं तुटकी उमटे. पण खोटी कधी उमटली नाही.

मग ऑनलाईन आलं.

आता अर्ज संगणकावर भरायचा आणि मंजुरीही तिथंच यायची. खरं सांगतो, मला राग आला नाही. फाईली उंदीर खायचे, महिनोन्‌महिने सह्या अडायच्या, हे मी पाहिलं होतं. नव्या अर्जात माझीही आठवण ठेवली होती. सोळाव्या पानावर माझेच तीन शब्द होते आणि पुढं एक रिकामा चौकोन. त्यात खूण केल्याशिवाय सतरावं पान उघडत नसे. त्यामुळं सगळे खूण करायचे. सतरावं पान पाहण्याची सगळ्यांनाच घाई होती.

गोठ्यात येणं थांबलं. सुमनबाई घरूनच मोबाईलवर मीटिंगला बसू लागल्या. ऑफिसातले बन्सीधरबाबू सांगायचे की, त्यांचा प्रश्न अजून तोच असतो, फक्त 'हिला' म्हटलं की रेंज जाते. माझं पॅड वाळून खडंग झालं. दारात सावली पडली की मला वाटे, आले. बहुतेक वेळा तो बोकड असे.

अशात डॉक्टर प्रियांका आल्या. गुणी मुलगी. पावसाळ्यात शेळ्यांच्या पोटात होणाऱ्या जंतांवर एक नवं औषध तपासायचं होतं, त्यावर त्यांची पदवी अवलंबून होती. अर्ज करून अकरा आठवडे वाट पाहिली, आणि ऐन श्रावणात मंजुरी आली. बारा शेळ्या, नंबरासकट. गाभण शेळीला हे औषध द्यायचं नाही, असं अर्जातच लिहिलं होतं. प्रत्येक नंबरापुढं 'गाभण : नाही' असंही लिहिलं होतं. ती यादी बन्सीधरबाबूंनी गेल्या वर्षीच्या अर्जावरून जशीच्या तशी उतरवली होती. सोळाव्या पानावर प्रियांकांनी खूण केली होती, कारण पुढं सतरावं पान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियांका औषधाची बाटली घेऊन गोठ्यात आल्या. मुंजाजींनी अकरा शेळ्या पुढं केल्या. बारावी, सत्तावीस नंबरची, मागंच धरून ठेवली.

"मामा, सत्तावीस?"

"काजळीला औषध देऊ नगा, बाई. गाभण हाय ती."

"अर्जात तर नाही लिहिलंय."

"अर्जाला कोण इचारलं? मी बन्सीधरबाबूला दोनदा सांगितलं. ते म्हनले, मुंजाजी, तुमचं म्हणनं भरायला यात रकानाच न्हाई."

प्रियांका हळूच म्हणाल्या, "मामा, एक शेळी बदलायची तर पुन्हा समितीपुढं जावं लागतं. पावसाळा निघून जाईल. जंतच नसले तर औषध कशावर तपासू? माझं वर्ष जातंय."

"जायलाय खरं," मुंजाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुमचं वर्स जायलाय, हिची पिल्लं जातील. मी अंगठेबहाद्दर मानूस, मला यातलं काय कळतंय? तुमीच ठरवा. पर आदी हितं शिक्का मारायची रीत हाय. तेवढं करा अन् मग पाजा खुशाल."

असं म्हणून त्यांनी वाळक्या पॅडवर हापशाचं पाणी शिंपडलं आणि मला प्रियांकांच्या हातात दिलं. तीन वर्षांनी माझ्या मुठीला माणसाचा घाम लागला. प्रियांकांनी आणलेला मंजुरीचा छापील कागद मुंजाजींनी एका पालथ्या डब्यावर पसरला.

प्रियांकांनी मला उलटं करून वाचलं. मग कागदापाशी नेलं. मी श्वास रोखला. असल्या वेळी मला नुसतं उमटायचं असतं, मित्रांनो, कशावर ते मी बघत नाही. ही माझी खोड आहे आणि मला तिची लाज वाटते. पण त्या थांबल्या. मला खाली ठेवलं आणि काजळीशेजारी उकिडव्या बसल्या. मुंजाजींनी त्यांचा तळहात धरून तिच्या पोटाच्या उजव्या बाजूला, जरा खाली टेकवला.

"दाबू नगा. नुस्तं थांबा."

बराच वेळ गेला. मग आतून कुणीतरी त्यांच्या हाताला ढुशी दिली.

प्रियांकांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं, अकराच्या अकरा शेळ्या सोडायला सांगितल्या. मग कागदावर सत्तावीस नंबर खोडून 'गाभण आहे' असं लिहिलं, सही केली, आणि मला जोरात दाबलं. इतका सुबक मी कधी उमटलो नव्हतो.

दुरुस्तीचा अर्ज ऑनलाईनच गेला. शेळी वगळण्याच्या कारणांत 'मृत्यू', 'आजार' आणि 'हरवली' एवढंच होतं. प्रियांकांनी 'इतर' निवडलं आणि त्या कागदाचा फोटो जोडला. त्या मीटिंगला सुमनबाईंची रेंज कशी कोण जाणे टिकली. "हे बघा, कुणीतरी गोठ्यात गेलंय," असं त्या म्हणाल्याचं ऐकलं. मंजुरी आली तेव्हा थंडी पडली होती, जंत आटले होते. प्रियांकांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं. पदवी एक वर्ष उशिरा घेऊन त्या नोकरीवर गेल्या. जाताना काजळीला भेटल्या. तिला दोन पिल्लं झाली होती.

माझे दिवस पालटले, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

झालं असं, की तो शिक्क्याचा कागद समितीला फार आवडला. असा फोटो प्रत्येक अर्जाला जोडावा, असं ठरलं. बन्सीधरबाबू म्हणाले, "एकदा काढलाय ना फोटो? मग दरवेळी शेणात कशाला जायचं?" माणूस वाईट नाही, कामाचा उरक मोठा. त्यांनी फोटोतून मला नेमका कापून संगणकात ठेवलं. आता प्रत्येक अर्जावर मी असतो, तुटक्या कोपऱ्यासकट. मी हजार ठिकाणी उमटतो, मित्रांनो, आणि खांबावरून बोटभरही हललेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलू लागलो आहे, तेही मला न विचारता.

रोज सकाळी मुंजाजी मला धोतराच्या सोग्यानं पुसतात आणि पॅडवर पाणी शिंपडतात. येत्या मे महिन्यात ते रिटायर होणार. गोठ्यातल्या शेळ्यांची नावं फक्त त्यांना ठाऊक आहेत. ती ऐकून ठेवायला कुणीतरी यावं, म्हणून मी दाराकडं तोंड करून लटकतो. आज तरी शेवग्याच्या पाल्याचा वास येईल, असं मला रोज वाटतं.

काजळीच्या त्या दोन पिल्लांतली धाकटी पाट, आता तरणी शेळी झालेली, सध्या माझी सुतळी चघळत असते. निम्मी झाली आहे. मी तिला काही बोलत नाही. पोटात असताना तिनं ढुशी दिली नसती तर ती आज इथं नसती, आणि मी तेव्हाच खोटा उमटलो असतो. पण सुतळी तुटली तर मी खाली पडेन, आणि कुणीतरी सज्जन माणूस मला उचलून, धुऊन पुसून, ऑफिसात टेबलावर नेऊन ठेवील. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे : असं झालंच, तर मला परत गोठ्यात आणून बांधा. नवी सुतळी हातभरच ठेवा. आणि आलाच आहात, तर परत जाण्याआधी एखाद्या शेळीच्या पोटाला हात लावून, नुसतं थांबा.