वकीलबाईंचे सोमवार

मला घटस्फोट हवा होता आणि नवऱ्यालाही हवा होता. एकोणीस वर्षांत आमचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं. घोडं अडलं ते दुकानावर. केस कापायचं माझं दुकान: तीन खुर्च्या, तीन आरसे, मागे केस धुवायचं बेसिन. जागा घेतली तेव्हा कागदावर दोघांची नावं घातली होती, कारण तेव्हा आम्ही लाडात होतो. आता तो म्हणत होता, विकू आणि अर्धं अर्धं करू. शोरूममध्ये फरशा विकणाऱ्या माणसाला अर्ध्या दुकानाचं काय करायचं होतं, देव जाणे. दुकान गेलं असतं तर मला पन्नाशीच्या तोंडावर दुसऱ्याच्या दुकानात खुर्चीमागे उभं राहावं लागलं असतं, आणि ते मी मरेपर्यंत करणार नव्हते.

"केसानं गळा कापला गं तुझा," ताई म्हणाली. "पण वकिलांच्या नादी लागू नकोस. बिनपाण्यानं हजामत करतात."

"करू देत. हजामत बरी झाली की वाईट, एवढं तरी मला कळतं."

आणि खरंच कळतं. नव्या मुलीला कामावर घेताना मी तिची कात्री बघत नाही. खुर्चीतल्या बाईचे केस हातात घेऊन ती आधी विचारते की आधी कापते, ते बघते. तेच माप मी वकिलांना लावलं. पहिले वकील भलतेच मोठे होते. त्यांच्या ऑफिसात माशांची पेटी होती, आणि ते माझ्याशी बोलताना फोनकडे बघत होते. दुसरे मात्र माझ्याकडेच बघत होते. मी नाव सांगायच्या आत ते म्हणाले, "काळजीच सोडा. रस्त्यावर आणतो की नाही बघा त्यांना!" मला नवऱ्याला रस्त्यावर आणायचं नव्हतं, दुकानातून बाहेर काढायचं होतं. केसांना हात लावायच्या आधी जो हवेत कात्री वाजवतो, त्याच्या हाती डोकं देऊ नये.

तिसऱ्या वकीलबाई. त्यांचं ऑफिस वह्या-पेनांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. त्यांनी माझे सगळे कागद ओळीवर बोट ठेवून वाचले, तीन प्रश्न विचारले आणि मी विचारायच्या आत फी सांगितली. सुरुवातीला एवढी रक्कम आगाऊ, मग दर पाव तासाला इतके, फोनचेही इतके, ज्युनिअरनं काम केलं तर निम्मे.

"आणि मी इथं बसून रडले तर?"

"त्याचेही लागतील. पण रडायला इथं येऊ नका, महाग पडेल. बहीण आहे ना?"

मी त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरली. पुढच्या पैशांसाठी सोमवार काढले. सोमवारी आमचं दुकान बंद असतं. मी 'बंद'ची पाटी फिरवून सोमवारीही दुकान उघडलं आणि ती कमाई वेगळ्या पाकिटात ठेवायला लागले. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचे, "हे वकीलबाईंचे सोमवार." बायका हसायच्या, आणि त्यातल्या दोघींनी हळूच पत्ताही मागून घेतला.

पहिलं बिल आलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात एक ओळ होती: 'सासूबाईंच्या स्वभावाबाबत चर्चा, पाऊण तास.' मी तडक फोन लावला.

"याचेही पैसे?"

"मी तुम्हाला दोनदा थांबवलं होतं," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या.

थांबवलं होतं खरं. चूक माझीच, आणि ती आमच्या धंद्यातल्या माणसाचीच. आमच्याकडे गप्पा केस कापण्यात धरलेल्या असतात. हात चालला की जीभ चालते, आणि खुर्ची दिसली की कुणीतरी बोलायला लागतं. इथं खुर्चीत मी बसले होते एवढंच. पुढच्या भेटीपासून मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन प्रश्न लिहून न्यायला लागले. तिसरं उत्तर मिळालं की उठायचे. बिल निम्म्यावर आलं.

मग वकीलबाई म्हणाल्या, "दुकान कुणी चालवलं, ते दाखवायला लागेल. पुरावा काय आहे?"

माझ्याकडे अठरा वर्षांच्या वह्या होत्या. कुणाला कधीची वेळ दिली, कुणाचे कापायचे, कुणाचे रंगवायचे, सगळं त्यात. त्या चाळायला ज्युनिअरला आठवडा लागला असता, म्हणून मी आणि ताई तिच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलो. सोळा वह्या माझ्या अक्षरात. पहिल्या दोन मात्र नवऱ्याच्या. मी पार विसरले होते. तेव्हा मदतनीस ठेवायला पैसे नव्हते. तो शोरूममधून सुटला की यायचा, फोन घ्यायचा, वेळा लिहायचा, खाली पडलेले केस झाडायचा.

"या दोन इथंच राहू देत," ताई म्हणाली. "नेल्यास तर हात दाखवून अवलक्षण होईल."

माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला बोलू? रात्रभर त्या वह्या ताईकडेच राहिल्या. पण आजवर मी कुणाकडून काम करून घेऊन पैसे बुडवलेले नाहीत. सकाळी अठराच्या अठरा वह्या वकीलबाईंच्या टेबलावर ठेवल्या.

"या दोन त्यांच्या बाजूच्या आहेत," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. मदतनिसाला पगार असतो, दुकानात वाटा नसतो. दोन वर्षांचा पगार, आजच्या दरानं, देते. वर एक पैसा नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे मी सुचवलं असतं तर तुम्हाला तासाभराचे पैसे पडले असते."

समझोत्याच्या बैठकीला नवरा आपला वकील घेऊन आला, आणि बघते तर ते 'रस्त्यावर आणतो'वाले! त्यांनी मला ओळखलंच नाही. पगाराचा प्रस्ताव वकीलबाईंनी आधीच कळवला होता, तरी बसल्या बसल्या त्यांनी अर्ध्या हक्काचं भाषण सुरू केलं. ते चालू असतानाच मी त्या दोन वह्या नवऱ्यासमोर सरकवल्या.

त्यानं एक उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिला. मग वाचलं, "'बँकेतल्या बाई, शनिवार, चार. बोलक्या आहेत, वेळ जास्त ठेव.'"

"अजून येतात त्या," मी म्हटलं.

"अजून बोलतात?"

"आता ऐकू कमी येतं. म्हणून जास्तच."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. "तू सगळ्यांना सांगतेस, दुकान एकटीनं उभं केलं. माझ्या बहिणीच्या लग्नात सांगितलंस. मी बाजूला उभा होतो."

सांगितलं होतं. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते, तोंडपाठ आहे मला. माझे कान तापले.

"एकटीनं नाही," मी म्हटलं. "पहिली दोन वर्षं तू होतास. तू नसतास तर दुकान सहा महिन्यांत बंद पडलं असतं."

"हे लिहून घ्या!" त्याचे वकील खुर्चीतून अर्धे उठले. "बाईंनी स्वतः कबूल केलंय!"

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. आपल्याच हातानं आपण दुकान घालवलं, असं वाटलं. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

"नका लिहू, साहेब," नवरा म्हणाला. "अर्धं नको मला. पगार म्हणतेय तो ठीक आहे."

"अहो, पण आपलं ठरलं होतं..."

"तुमची फी तुम्हाला मिळेल."

वकीलबाईंनी तिथल्या तिथे कागद केला. दुकान माझ्या एकटीच्या नावावर. आम्ही दोघांनी सह्या केल्या. मग त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातून दुकानाची किल्ली सोडवायला लागला. ती त्याच्याकडे आहे हेसुद्धा माझ्या लक्षात नव्हतं. कडी घट्ट होती, त्याच्या बोटांना उघडेना. मी हात पुढे केला आणि कडी नखानं उघडून धरली. त्यानं किल्ली सरकवत काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी जिंकले होते आणि मला आनंदही झाला होता. तरी ती किल्ली मुठीत धरून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, आणि तोही उठला नाही.